मुदत

मामांच्या गावात कोणती गोष्ट बोलायची आणि कोणती नाही, याची वाटणी फार पूर्वीच झालेली आहे. कपाशीचा भाव, आमदाराची नवी गाडी, शेजारच्या घरातली दारू हे पारावर चालतं. आपल्या घरचं कर्ज, आपल्या पोराचं लग्न आणि आपली जात हे चालत नाही. मामा मूर्तिजापूर तालुक्यातले कास्तकार. थोडी कपाशी, थोडी तूर, उरलेल्यात हरभरा. मी अकोल्याला कॉलेजात शिकवते, आणि शिकवणाऱ्यांना जी खोड असते ती मलाही आहे. झाकलेलं काही दिसलं की ते उघडून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे. त्याला जिच्याशी लग्न करायचं आहे ती मुलगी अकोल्याची, बौद्ध. आम्ही कुणबी. जाती नावानिशी लिहिते आहे, कारण मोकळ्या बोलण्यावर लेख लिहायचा आणि तिथेच ‘वेगळ्या समाजाची मुलगी’ म्हणून निसटायचं, हे मला जमणार नाही. दिवाळीत मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय सरळ काढला. भावाचे दोन काका ग्रुप सोडून गेले. मामांनी एक अक्षर लिहिलं नाही.

डिसेंबरात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते अमरावतीत मुलीकडे, गाडगेनगरात होते. मी अकोल्याहून भेटायला गेले. २० तारखेची गाडगे बाबांची पुण्यतिथी जवळ आलेली, समाधी मंदिराकडून भोंग्यावर भजन ऐकू येत होतं. मामांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. त्यांना उठून जाता येत नव्हतं. त्याचा मी फायदा घेतला.

मामा : आलीस त बरं झालं बाई. पन थो ईषय काढू नोको. डॉक्टरनं सांगतलं, डोयावर ताण पडू द्याचा नाई.

मी : बोलल्यानं डोळ्यावर ताण पडत नाही, मामा.

मामा : पडते. तुह्या बोलन्यानं त साऱ्या खानदानाच्या डोयात पानी आलं. ग्रुपवर लिहलं म्हंजे खरं बोलनं झालं काय? घरचं धुनं चवाठ्यावर आनलं तुनं.

मी : मग कुठे आणायचं? घरी विषय काढला की मामी चहा ठेवायला उठतात आणि तुम्ही बैलं पाहायला.

मामा : बैलं त केव्हाचेच इकले.

मी : तेच म्हणते. तरी उठता.

मामा : (हसून) बरं, सरळ सांगतो. तू अकोल्याहून येशीन, खरं बोलशीन, अन् गाडीत बसून चालली जाशीन. मले थ्या गावात राहा लागते. निंदाले बाया पाह्यजेत. कापूस येचाले मानसं पाह्यजेत. रातच्याले मोटर जळली त शेजाऱ्याची मोटर पाह्यजे. अन् मेल्यावर खांदा द्याले चार जन पाह्यजेत. इतक्या लोकाईसंग खरं बोलून भागते काय?

पगारदार माणसाला हा मुद्दा हसण्यावारी नेता येतो. मला नेता आला नाही. वऱ्हाडातली बहुतेक शेती पावसावरची. एक खाडा पडला की सगळं शेजारपाजाऱ्याच्या मर्जीवर येतं : उसनं बियाणं, फवारणीचा पंप, बाजार समितीत जाणाऱ्या गाडीतली जागा. तिथे संबंध बिघडवायचे म्हणजे विमा रद्द करण्यासारखं आहे. गावातल्या माणसाच्या गप्प बसण्याला आपण शहरातून भित्रेपणा म्हणतो, तेव्हा त्या गप्प बसण्यात किती हिशेब असतो ते आपल्याला दिसत नसतं.

मामा : अन् शहरात तरी काय मोठं? २०२१ च्या नोव्हेंबरात याच अमरावतीत दुकानं फुटली, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद केलं. २०२३ च्या मे मयन्यात तुह्या अकोल्यात एका इन्स्टाग्रामच्या पोस्टवरून दंगल झाली, मानूस गेला. बोलनारे कमी पडले म्हनून झालं काय थे? बोलनारेच लय झाले, बाई.

मी : ते बोलणं समोरच्याशी नव्हतं, मामा. आपल्याच गर्दीला ऐकू जावं म्हणून होतं. अकोल्याच्या ज्या भागात दगड पडले तिथे दोन्हीकडची माणसं एकाच दुकानातून दूध घेतात. पण एकमेकांची कशाची भीती वाटते, हे त्यांनी कधी एकमेकांना सांगितलंय? सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते. चहा होतो, ‘आमच्या गावात सगळे भाऊभाऊ’ म्हणून भाषणं होतात, फोटो निघतो. ज्या गल्लीत मिरवणूक अडते त्या गल्लीचं नावसुद्धा कोणी घेत नाही.

मामा : थे नसती त आनखी झालं असतं.

मी : झालं असतं. ते मान्य. पण ती समिती फक्त आजची रात्र निभावून नेते.

मामा : एक रात निभावली त लय झालं. कर्फ्यूत ज्याचं दुकान जळलं त्याले जाऊन इचार, एका रातीची किंमत किती असते. तुमी शिकलेले लोकं सदा जनमाचं बोलता. आमाले आज संध्याकायचं पाहा लागते.

इथे मी थोडी अडले, हे लपवत नाही. मग मला गाडगे बाबा आठवले. भोंगा चालूच होता. मामांचं गाव दापुऱ्याच्या जवळचं. देबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा मुलगा आपल्या मामाकडे दापुऱ्याला वाढला, तिथेच त्याने गुरं राखली, शेती केली, आणि मामाच्या जमिनीवर सावकाराने हात टाकलेला पाहिला. हे आमच्याकडे शाळेत जाण्याच्या आधीच पोरांना ठाऊक असतं.

मी : मग गाडगे बाबा का बोलले? त्यांनाही गावंच होती, आणि रोज नवं गाव. कर्ज काढून लग्न करणाऱ्यांना, देवापुढे बकरं कापणाऱ्यांना, शिवाशीव पाळणाऱ्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं.

मामा : (उठून बसत) थांब. बाबाचं तू मले नोको सांगू. माह्या बापानं त्याइचं कीर्तन आयकलं होतं. बाबा गावात आले की पह्यले काय करेत? झाडू. सकायपासून गाव झाडेत. ज्याचा उकिरडा हाय त्याच्याच दारात उभं राहून झाडेत. मंग रातच्याले कीर्तन. ज्या मानसानं दिवसभर तुही घान काढली, त्याचं आयकाच लागते ना. तुनं काय झाडलं? डायरेक्ट कीर्तन लावलं, थेबी मोबाईलवर.

मी : बरं. आणि?

मामा : अन् दुसरं. बाबा सांगत नव्हते, इचारत होते. सावकाराचं कर्ज काढून लगन लावलं त कोन सुखी झालं, असं इचारेत. उत्तर लोकंच देत. ज्यानं मागच्या साली वावर गहान टाकून लगन केलं थोच पह्यले मुंडी हालवे. बाबानं त्याचं नाव नाई घेतलं, त्याले उठून उभं नाई केलं. तुनं त ग्रुपवर लिहलं, ‘मामा, तुमी बोलत काहून नाई?’ साऱ्यासमोर. प्रश्न होता काय थो? थे त समन्स होतं.

कबूल केलं पाहिजे की कीर्तनाच्या या बाजूकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ८ नोव्हेंबर १९५६ ला बाबांनी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. श्रोते पोलीस. त्या कीर्तनातला मोठा भाग प्रश्नांचाच आहे. बाबा विचारतात आणि समोरून होकार-नकार येतो. निदान त्या वेळेपुरतं तरी, उत्तर स्वतःच्या तोंडून गेलेलं असल्यामुळे माणसाला ते नाकारता येत नाही. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबा गेले.

पण मामांच्या बाबांमध्ये एक गोष्ट गळत होती.

मी : मुलीच्या बारशाचं विसरलात, मामा. परीट समाजात तेव्हा बारशाला मटण आणि दारू हा रिवाज. देबूजींनी पहिल्या मुलीच्या बारशाला गोडाचं जेवण घातलं. जातीतल्या लोकांचा केवढा राग ओढवून घेतला! तिथे झाडू नव्हता, प्रश्न नव्हता, कीर्तन नव्हतं. पंगत बसलेली आणि पानात गोड. सगळे तयार होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली नाही.

मामा : हाव. पन थे बारसं कोनाच्या पोरीचं होतं?

मी : त्यांच्याच.

मामा : मंग? तू माह्या पोराच्या लग्नावर धीट होऊन रायली. तुही पोरगी आता दहावीत हाय. तिचं होईन तवा पाहू तुहं धाडस.

मी : पाहा. मी कुठे नाही म्हणते?

मामा : आता कोनीबी म्हनते.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. दहावीतल्या मुलीची आई म्हणून दिलेला शब्द फार स्वस्त असतो. मी विषय मामांच्या ओसरीवर नेला. तिथे दाराच्या वर डॉ. पंजाबराव देशमुखांचा फोटो आहे. वऱ्हाडातल्या कुणब्यांच्या घरात तो असतोच. भाऊसाहेब म्हटलं की दुसरं कोणी नसतं. शिवाजी शिक्षण संस्था त्यांची, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला नाव त्यांचं, दिल्लीत दहा वर्षं देशाचं शेतीखातं त्यांच्याकडे.

मी : ओसरीत फोटो कोणाचा आहे?

मामा : समजलं मले तू कुठी चालली. भाऊसाहेबानं अंबादेवी उघडी केली म्हनशीन.

मी : नाही म्हणणार. त्या दिवशी उघडली नव्हती.

मामा : नव्हती?

मी : १३ नोव्हेंबर १९२७. याच अमरावतीत, इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना जाऊ द्या, नाहीतर सत्याग्रह करू. भाऊसाहेब त्यांच्या बाजूने, वय एकोणतीसही नाही, विलायतेहून नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेले. मंदिराच्या कारभाऱ्यांनी मुदत मागितली, विचार करायला वेळ हवा म्हणाले. परिषदेने सत्याग्रह पुढे ढकलला.

मामा : म्हंजे बाबासाहेबाइनं मुदत देली?

मी : दिली.

मामा : (चष्मा सारखा करत) मंग झालं ना! मीबी मुदतच मांगून रायलो. बाबासाहेबाइनं देली थे चालते, अन् मी मांगली त मी भेकड?

मामांनी मला माझ्याच पुराव्यात पकडलं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं. पण मला इथेच यायचं होतं.

मुदत मागणारी माणसं वाईट होती असं समजू नये. अमरावतीच्या त्या जुन्या पुढाऱ्यांत दादासाहेब खापर्डे होते. १८९७ ला अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. टिळकांचे जिवाभावाचे मित्र. टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या सुटकेसाठी विलायतेत जाऊन बसले. सरकारपुढे ही माणसं कधी कचरली नाहीत. पण प्रश्न आपल्याच देवळाच्या उंबऱ्याचा आला तेव्हा त्याच पिढीला थोडा वेळ हवासा वाटला. परक्याशी भांडायला लागणारं धैर्य एक, आणि आपल्या पंगतीत बसलेल्यांना नाराज करायला लागणारं दुसरं. पहिलं ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे दुसरं असेलच, असा अनुभव नाही. वऱ्हाडात तर पहिल्याची कधीच कमी नव्हती.

मामा : घरच्याचा राग जास्त जाचते. हे खरं.

मी : आणि त्या मुदतीचं पुढे काय झालं ते सांगते. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षं चालला. लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले. दार उघडलं नाही. मुदत मागणारे मागतच राहिले : लोकमत तयार होऊ द्या, वातावरण निवळू द्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मामा, येवल्याला त्यांनी आणखी जोरात दार ठोठावलं नाही. त्यांना ते दारच नको झालं. पुढे १९५६ ला नागपूरला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या गावातून बैलगाड्या गेल्या होत्या.

मामा : गेल्या होत्या. माह्या बापाच्या वावरात कामाले होते थे सारे. दुसऱ्या दिवशी येचनीले कोनी नव्हतं.

मी : मुदत मागणाऱ्याला वाटत असतं, मी तयार होईपर्यंत समोरचा तिथेच उभा राहील. तो राहत नाही. तुमचा मुलगाही नाही राहणार.

(मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. आतून मामेबहिणीने विचारलं, चहा ठेवू का. मामा म्हणाले, ठेव. म्हणजे उठून जायचा मार्ग त्यांनीही शोधला होता, फक्त चहा त्यांच्याकडे येणार होता.)

मामा : भाऊसाहेबाचं वेगळं होतं. बॅरिस्टर मानसाले कोन काय म्हनते? अन् त्याइनं केली थे सोनाराची होती. मुंबईची.

मी : हो, विमलाबाई वैद्य. त्याच नोव्हेंबरात लग्न झालं. आधी देवळासाठीची परिषद, पाठोपाठ जातीबाहेर लग्न. आणि तुम्ही म्हणता कोण काय म्हणतं, तर लोकांनी त्यांचं काय केलं? पुढच्याच वर्षी, १९२८ ला, अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष केले. तिथे बसून त्यांनी सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. समाज वाळीत टाकतो म्हणता ना? त्याच समाजाने त्यांना डोक्यावर घेतलं. आता सोनाराची होती म्हणून चाललं असं म्हणाल, तर मग अडचण जातीबाहेर जाण्याची नाहीच. अडचण खाली जाण्याची आहे. ते तसं बोला.

मामा : बोललो. खाली जान्याची हाय.

मी : ...

मामा : आता तोंड काहून बंद झालं? तुले खरं पाह्यजे होतं ना? मले थ्या पोरीचा राग नाई. थे पोरगी शिकलेली हाय, माह्या पोरापक्षा जास्त शिकलेली. मले राग ह्या गोष्टीचा हाय की उद्या माह्या पंगतीत कोन बसन कोन नाई थे मी ठरवू शकत नाई. माहे भाऊ ठरवतीन. हे मी कोनाले बोललो नाई. आज तुले बोललो.

आमच्या सगळ्या बोलण्यात पहिलं न झाकलेलं वाक्य माझ्याकडून आलं नाही. ते मामांकडून आलं आणि ऐकायला चांगलं नव्हतं. प्रामाणिक बोलण्याची बाजू घेणाऱ्यांची एक गुप्त अट असते : समोरचा खरं बोलेल तेव्हा ते आपल्याला पटणारं खरं असावं. मला ‘खाली’ हा शब्द खुपला. पण तो न बोलता मनात राहिला असता तर मी वर्षभर काकांशी, रिवाजाशी, गावाशी भांडत बसले असते. त्यात जीव नव्हता. अडचण पंगतीत होती.

त्यानंतर मामा आपणहून एका गोष्टीकडे वळले, जी मी काढणार नव्हते. त्यांच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर होतं, त्या मित्राने काही वर्षांपूर्वी आत्महत्या केली.

मामा : रोज भेटे धुऱ्यावर. पाऊस, बोंडअळी, पोट्ट्यायचे मार्क, सारं बोले. कर्जाचं एक अक्षर नाई. अन् मीबी इचारलं नाई. वाटे, इचारलं त त्याले वाईट लागन. इज्जतीचा सवाल. मंग झालं थे झालं. तलाठी आला, तहसीलचे लोकं आले. पात्र हाय का अपात्र, थे पाहाले.

ही ‘पात्र-अपात्र’ पद्धत वऱ्हाडाबाहेर फारशी ठाऊक नसेल. शेतकरी आत्महत्येनंतर सरकारी समिती प्रकरण तपासते : जमीन नावावर होती का, कर्ज मान्य संस्थेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. बसलं तर पात्र. पात्र ठरलं की २००६ पासून कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. यात कुटुंबाची चूक नाही, आणि बहुधा समितीचीही नाही. कागदाला रकाने लागतात. पण परिणाम असा होतो की ज्या घराला सगळ्यात जास्त मोकळं बोलायची गरज असते, त्याला पहिलं बोलणं रकान्यात बसेल असं करावं लागतं. आजारपण होतं, घरात भांडणं होती, मुलीच्या लग्नाची काळजी होती, हे सांगितलं तर अपात्र. आणि गाव पाठीमागून म्हणायला मोकळं, ‘दारूनं गेला.’ दोन्ही बाजूंना अर्धं खरं, आणि पूर्ण गोष्ट कोणाकडेच नाही.

मामा : त्याच्या बायकोनं मले इचारलं, भाऊजी, तुमाले काई बोलले होते काय? मी म्हनलं, नाई. थे खरं होतं. पन मी इचारलं नव्हतं, हे नाई सांगतलं.

मी : यवतमाळच्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे माहीत आहेत ना? १९ मार्च १९८६. बायको-मुलांसह गेले, आणि जाताना शेतकऱ्याची दशा लिहून ठेवली. दरवर्षी १९ मार्चला लोक त्यांच्यासाठी अन्नत्याग करतात.

मामा : हाव. मेल्यावर वाचतात सारे. म्हनून त सांगून रायलो तुले. पोराचं मी असं नाई होऊ देनार.

मी : मग बोला त्याच्याशी.

मामा : बोलीन. पन भावाईसमोर नाई. अन् तू तिथं नाई पाह्यजे.

मी : नसेन. कधी?

मामा : कापूस येचून होऊ दे.

मी : मग?

मामा : मंग तूर निघते.

मी : तुरीनंतर हरभरा, हरभऱ्यानंतर लग्नसराई, मग पेरणी. मामा, अंबादेवीवालेसुद्धा याच्यापेक्षा बरे.

मामा : (हसले, मग थांबून) त्यानं तुले काई सांगतलं काय?

मी : स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस लागली की तीस दिवस. मग तीन साक्षीदार. त्यातली एक मी.

मामा : लागली नोटीस?

मी : अजून नाही.

मामा : कवा लावते?

मी : ते त्यानेच तुम्हाला सांगितलं पाहिजे. मी नाही सांगणार.

मामा : वा बाई! तुनं झाकून ठेवलं त थो त्याचा हक्क, अन् मी गप रायलो त माहा भेकडपना. ग्रुपवर हे नाई लिहलं तुनं.

मी : त्याने विश्वासाने सांगितलं होतं, मामा.

मामा : मलेबी माह्या भावाइनं इश्वासानंच सांगतलं होतं, का आपल्या घरात असं होऊ देऊ नोको. साऱ्याइचा इश्वास कोनत्या ना कोनत्या खुटीले बांधेल असते. (थोड्या वेळाने) तीस दिवस म्हनते ना तू? थ्या तीस दिवसात येईन काय थो घरी?

मी : तुम्ही विचारलं तर येईल.

मामा : मी काहून इचारू? थो पोरगा, मी बाप.

मी : आत्ताच तर तुम्ही मला शिकवलं. बाबा सांगत नसत, विचारत.

मामा : बाबा पह्यले झाडेत, मंग इचारेत. मी काय झाडू?

मी : ते दोन काका ग्रुप सोडून गेलेत. तिथून सुरुवात करा.

मामा : थो कचरा तुहा हाय. थो तू झाड.